पायी चालणाऱ्यांना कसला आलाय ‘कार-फ्री डे’?

दरवर्षी २२ सप्टेंबरला जगभर ‘कार-फ्री डे’ पाळला जातो. त्या दिवशी आपली चारचाकी घरी ठेवायची आणि पायी, सायकलने किंवा बसने कामाला जायचे, अशी ही कल्पना. १९९७ मध्ये फ्रान्समधल्या ला रोशेल या शहराने असा दिवस पाळला आणि २००० सालापासून तो जगभर पसरला. २०२५ साली हा दिवस सोमवारी आला. त्याच दिवशी घटस्थापना होती, आणि नेमक्या त्याच दिवसापासून केंद्र सरकारचे जीएसटीचे नवे दर लागू झाले. छोट्या मोटारींवरचा २८ टक्के कर आणि वरचा उपकर जाऊन १८ टक्के झाला. शोरूमसमोर गर्दी उसळली, बोनेटवर हार चढले, नारळ फुटले. जग सांगत होते गाडी घरी ठेवा, आणि आमचे सरकार सांगत होते गाडी घरी आणा!

करकपातीला आमचा विरोध नाही. सायकलवरचा करही त्याच दिवशी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि बसगाड्यांवरचा २८ वरून १८ वर. पण सायकलच्या स्वस्ताईची पानभर जाहिरात कुणी पाहिली काय? आम्ही तरी पाहिली नाही. उलट त्याच वर्षीच्या १ जूनपासून पीएमपीएमएलचे तिकीट वाढले. किमान भाडे ५ रुपयांवरून १० झाले. दिवसाचा पास ४० चा ७० झाला आणि महिन्याचा पास ९०० चा १५०० झाला. एकाच वर्षात मोटार स्वस्त झाली आणि बस महागली. हा योगायोग आहे असे कुणी म्हणत असेल तर त्याने खुशाल म्हणावे. ज्याच्या खिशातून महिन्याला सहाशे रुपये जास्तीचे जातात, तो कंत्राटी कामगार याला योगायोग म्हणणार नाही.

आम्ही काळेवाडीत राहतो. पवनेच्या अलीकडे काळेवाडी, पलीकडे पिंपरी. अर्ध्या-एका गुंठ्याच्या जागा घेऊन, ठिगळे जोडावीत तशी घराला घरे जोडून ही वस्ती उभी राहिली. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून, सातारा-सोलापूरकडून दुष्काळाने आणि गावकीने हाकललेली माणसे एमआयडीसीच्या भोंग्यावर विश्वास ठेवून इथे आली. त्या सोमवारी आम्हीही या ‘कार-फ्री डे’मध्ये भाग घ्यायचे ठरवले. पण भाग घ्यायचा म्हणजे करायचे काय? सोडून द्यायला आधी गाडी असावी लागते. म्हणून आम्ही एवढेच केले, की पहाटेपासून पाचपीर चौकात उभे राहिलो, उजाडल्यावर नदीवरच्या पुलावरून पिंपरीपर्यंत चालत गेलो, आणि कोण कशाने जाते ते डोळे उघडे ठेवून पाहिले.

सहाच्या सुमाराला पहिल्या शिफ्टची पोरे निघाली. पाठीला सॅक, सॅकमध्ये डबा, गळ्यात ओळखपत्राची दोरी. काही कंपनीच्या बससाठी काळेवाडी फाट्याकडे चालत होती, काही शेअर रिक्षात एकमेकांच्या मांडीवर बसत होती. त्यानंतर बायका निघाल्या. राहाटणी, पिंपळे सौदागरच्या उंच उंच सोसायट्यांत धुणीभांडी, स्वयंपाक, म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या या बाया झपाझपा चालतात. एका घरी सातला, दुसऱ्या घरी आठला, तिसऱ्या घरी साडेनऊला पोचायचे असते. मग मंडईकडे जाणारे भाजीवाले, सफाईचे काम उरकून उलट दिशेने घरी परतणारे कामगार, आणि आजीचे बोट धरून शाळेला निघालेली लेकरे.

अशाच एका मावशींना आम्ही विचारले, “मावशी, आज कार-फ्री डे आहे, ठाऊक आहे का?” त्यांना काही कळेना. आम्ही समजावून सांगितले. तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे आज तरी त्या फुटपाथवर गाड्या नसतील ना? मग नातीला घेऊन वरनं जाते. रोज मेलं खालनं, टँकरच्या बाजूनं जावं लागतंय.” आणि निघूनही गेल्या, कारण सातच्या घरी उशीर झाला तर पगारातून कापतात. फुटपाथवर गाड्या त्या दिवशीही होत्याच. नातीला कडेवर घेऊन त्या खालूनच गेल्या.

या मावशीची भीती अनाठायी नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचाच २०२२ चा अहवाल सांगतो, की त्या वर्षी देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांतली ३२ हजार ८२५ नुसती पायी चालणारी होती. दुचाकीवरचे जवळजवळ ७५ हजार. मोटारीतून जाणारे मात्र एकूण मृतांत आठातला एक. ज्याच्यामुळे रस्ता भरतो तो लोखंडी पेटीत सुरक्षित, आणि ज्याने रस्त्याची हातभर जागाही अडवली नाही तो चाकाखाली. मरणाचीही येथे उतरंड आहे.

आणि या मोटारी बनवतो कोण? पिंपरीत टाटा, आकुर्डीत बजाजची स्कूटर, चाकणला महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज. साठ वर्षे हा पट्टा देशाला गाड्या पुरवतो आहे. कास्टिंगच्या भट्टीसमोर, प्रेसशॉपच्या आवाजात, पेंटशॉपच्या वाफेत उभा राहणारा माणूस याच काळेवाडी-थेरगाव-दापोडी-भोसरीच्या खोल्यांतून जातो. दर काही मिनिटांनी त्याच्या हाताखालून नवी मोटार पुढे सरकते आणि शिफ्ट सुटली की तो बससाठी रांगेत उभा राहतो. त्याला ‘एक दिवस गाडी सोडा’ असे सांगणारा फलक दाखवणे ही निव्वळ थट्टा आहे.

येथे आमच्याच माणसांशी दोन शब्द बोलले पाहिजेत. आपल्या वस्तीतल्या एखाद्या पोराने बँकेचे कर्ज काढून चारचाकी घेतली, मागच्या काचेवर ‘जय भीम’ लिहिले आणि आई-बापाला बसवून गावी नेले, तर त्याला कुणी पर्यावरणाचे शहाणपण शिकवू नये. त्या गाडीचा अर्थ ज्यांच्या घरी तीन पिढ्या मोटार आहे त्यांना कळणार नाही. त्यासाठी इतिहास माहीत असावा लागतो. १९०१ साली बालवयातले बाबासाहेब भावंडांसह वडिलांना भेटायला कोरेगावला निघाले. मसूर स्टेशनवर उतरले, आणि ही मुले महारांची आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना गाडीत घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर एकजण राजी झाला. गाडीवान बरोबर चालत आला, पण मुलांसाठी कासरा धरायला तयार नव्हता. पुढे १९२९ साली, बॅरिस्टर झालेले, सरकारी समितीचे सभासद असलेले बाबासाहेब चाळीसगावला उतरले. तेव्हाही टांगेवाल्याने अस्पृश्याचा टांगा हाकायला नकार दिला. वस्तीतल्या माणसाने स्वतःच टांगा हाकला. त्याला सवय नव्हती. पुलावर टांगा कलंडला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि पाय मोडला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी हे दोन्ही प्रसंग स्वतः लिहून ठेवले आहेत. तिकडे केरळात अय्यनकाली यांना १८९३ साली स्वतःची बैलगाडी घेऊन सार्वजनिक रस्त्यावरून जाणे हाच लढा करावा लागला. आजही घोड्यावर बसलेल्या नवरदेवाला खाली खेचल्याच्या बातम्या येतात. या देशात वाहन म्हणजे निव्वळ चार चाके कधीच नव्हती. कोण बसणार, कोण हाकणार आणि कोण बाजूला सरणार, हे येथे जातीने ठरत होते.

म्हणूनच राज्यघटनेच्या कलम १५ च्या दुसऱ्या खंडात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्याबरोबर ‘रस्ते’ हा शब्द मुद्दाम आला आहे. सरकारी पैशातून बांधलेल्या रस्त्याचा वापर धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला नाकारता येणार नाही. चवदार तळ्याचे पाणी आणि गावचा रस्ता एकाच ओळीत बसवले गेले ते उगाच नव्हे. आज काळेवाडीत कुणी आम्हाला जातीचे नाव घेऊन रस्त्यावरून हाकलत नाही. पण रस्त्याची रुंदी कुणासाठी आखली जाते, हा प्रश्न मिटलेला नाही. एक मोटार उभी करायला दहा-बारा चौरस मीटर, म्हणजे शंभर-सव्वाशे चौरस फूट जागा लागते. आमच्या वस्तीतली कितीतरी बिऱ्हाडे तेवढ्याच खोलीत राहतात, भाडे भरतात. आणि मोटार मात्र सार्वजनिक रस्त्यावर रात्रभर फुकट झोपते!

‘फुटपाथ मोकळा करा’ अशी हाक उठली की कुठल्याही शहरात अतिक्रमणविरोधी पथकाची गाडी येते ती हातगाडीवाल्यासाठी. भाजीवालीचा तराजू उचलला जातो, चांभाराची पेटी उचलली जाते. शेजारी फुटपाथवर दोन चाके चढवून उभी असलेली मोटार कुणी उचलत नाही. २०१४ सालचा पथविक्रेता कायदा फेरीवाल्याला जागा द्या म्हणतो. रस्त्यावर मोटार फुकट उभी करण्याचा हक्क देणारा कायदा आम्हाला कुठे सापडला नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अडथळ्याविना फुटपाथ वापरता येणे हा कलम २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. हा निकाल पायी चालणाऱ्याच्या बाजूचा आहे. त्याचा आधार घेऊन गरिबाची टोपली उचलली गेली, तर तो निकालाचा विपर्यास ठरेल.

आता शहरांतल्या हौशी ‘गाडीमुक्ती’कडे पाहू. मुंबई पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये रविवारी सकाळी काही रस्ते मोटारींना बंद करून ‘संडे स्ट्रीट्स’ सुरू केले. योगासने, झुंबा, स्केटिंग, सेल्फी. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा होऊ लागला. चांगले आहे, आमची ना नाही. मोकळ्या रस्त्यावर लेकरे धावली तर कुणाला आनंद होणार नाही? पण एक जुना हिशेब विचारावासा वाटतो. ६ डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कच्या भोवतालचे रस्ते दरवर्षी वाहनांना बंद असतात. लाखो माणसे रेल्वेने येतात आणि चैत्यभूमीपर्यंत पायी चालतात, पुस्तके विकत घेतात, रांगेत उभी राहतात, रात्री पायीच स्टेशनला परततात. महाराष्ट्रातला याहून मोठा ‘कार-फ्री डे’ कुणी दाखवावा! तरी वर्षानुवर्षे त्याची बातमी कशी येत गेली? ‘वाहतुकीची कोंडी’, ‘रहिवाशांची गैरसोय’. रविवारी झुंब्यासाठी रस्ता बंद केला की तो उपक्रम आणि भीमसैनिक चालले की तो त्रास? अंगावरचे कपडे पाहून शब्द बदलतात, दुसरे काय!

आणि गाडी नाही म्हणजे आपोआप समता आली, असेही नाही. माथेरान पाहा. आपल्या महाराष्ट्रातले हे थंड हवेचे ठिकाण वर्षानुवर्षे मोटारमुक्त म्हणून मिरवते. शुद्ध हवा, लाल माती, घोडे आणि छोटी रेल्वे. पण त्या मोटारमुक्त डोंगरावर एका माणसाला दुसरा माणूस हातरिक्षात बसवून चढावर ओढत होता. पर्यटकांची हवा शुद्ध राहावी म्हणून गरिबाची छाती भात्यासारखी चालत होती! ई-रिक्षासाठी स्थानिक श्रमिक हातरिक्षावाल्यांनीच मागणी लावून धरली, कज्जे चालले, आणि अखेर ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेच्या विरोधात असल्याचे सांगून सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. रिक्षा ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करा, त्यांना ई-रिक्षा द्या, असेही बजावले. पर्यावरणाच्या नावावर येणाऱ्या प्रत्येक योजनेला आपण हा एक प्रश्न विचारलाच पाहिजे, की ओझे कुणाच्या खांद्यावर पडणार?

मग हा दिवस नाकारायचा काय? मुळीच नाही. तो त्यांच्याकडून घेऊन आपल्या पद्धतीने पाळायचा. कोलंबिया देशाची राजधानी बोगोटा येथे २४ फेब्रुवारी २००० रोजी खाजगी मोटारी दिवसभर बंद ठेवल्या गेल्या. लक्षात घ्या, तो रविवार नव्हता, गुरुवार होता, कामाचा दिवस. साठ-सत्तर लाख वस्तीचे शहर बसने, सायकलने, पायी कामाला गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मतदान घेऊन लोकांनीच हा दिवस दरवर्षी पाळायला मंजुरी दिली, आणि डिसेंबरमध्ये बससाठी वेगळा मार्ग असलेली ट्रान्समिलेनिओ ही सेवा सुरू झाली. एका दिवसाने शहर बदलत नाही. पण कामाच्या दिवशी मोटारमालकाला बसमध्ये चढायला लावले, की बस किती कमी आहेत हे त्याला त्याच दिवशी कळते.

आपल्याकडेही १ नोव्हेंबर २०१२ रोजी एका वृत्तपत्राच्या पुढाकाराने पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये ‘बस डे’ झाला. त्या दिवशी खाजगी बसगाड्या जोडीला घेऊन रस्त्यावर उतरवल्या. लोक हौसेने चढले. पण जोडलेल्या बसगाड्या एका दिवसाच्या पाहुण्या होत्या, त्या परत गेल्या आणि प्रवासी पुन्हा थांब्यावर ताटकळला. २०११ च्या जनगणनेत दोन्ही शहरांची वस्ती साडेअठ्ठेचाळीस लाख होती. केंद्राच्या नगरविकास खात्याच्या मापदंडाप्रमाणे चांगल्या सेवेसाठी लाखामागे ६० बस धरल्या, तर त्या वस्तीलाच २९०० हून अधिक लागतात. वस्ती त्यानंतर कितीतरी वाढली आणि ताफा मात्र दोन हजारांच्या आसपासच घुटमळत राहिला. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात रस्ते वाहनांसाठी नाहीत, माणसांसाठी आहेत, असे तत्त्व मांडलेले आहे. कागदावर आम्ही नेहमीच पुढे असतो.

काळेवाडीला तर बीआरटीचे दोन मार्ग लाभले आहेत. सांगवी-किवळे मार्ग सप्टेंबर २०१५ मध्ये सुरू झाला, तो काळेवाडी फाट्यावरून जातो. दुसरा काळेवाडी फाट्यापासून निघून पवना, लोहमार्ग आणि जुना मुंबई महामार्ग एका उड्डाणपुलाने ओलांडून ऑटो क्लस्टर, चिखलीकडे जातो. एवढा सिमेंटचा डोंगर बससाठी म्हणून उभारला. त्यावर बस दर किती मिनिटांनी धावते आणि मोटारी दर किती सेकंदांनी, हे कुणीही उभे राहून मोजावे. तिकडे पुण्यात नगर रस्त्यावरची येरवडा ते विमाननगर बीआरटी उखडून टाकली. मोटारींना जागा हवी होती. पिंपरीतही उद्या तीच ओरड होईल. मेट्रो आली, आता बसचा मार्ग कशाला, असे म्हणणारे भेटू लागले आहेत. मार्च २०२२ मध्ये पिंपरीहून मेट्रो सुरू झाली, ऑगस्ट २०२३ मध्ये ती सिव्हिल कोर्टापर्यंत पोचली, त्याचा आनंदच आहे. पण पाचपीर चौकातल्या मावशीला राहाटणीला जायचे आहे. तिच्या वाटेवर मेट्रो नाही.

तेव्हा आमचे म्हणणे असे. काळेवाडीत २२ सप्टेंबर कामाच्या दिवशीच पाळावा, रविवारी नव्हे. रांगोळ्या, फुगे आणि पाहुण्यांची भाषणे नकोत. त्या दिवशी पहाटे पाच ते रात्री अकरा बीआरटीच्या मार्गात एकही मोटार शिरू देऊ नये आणि काळेवाडी फाटा ते पिंपरी दर पाच मिनिटांनी बस सोडावी. पाचपीर चौक ते पवनेच्या पुलापर्यंत फुटपाथवर चढवलेली प्रत्येक मोटार उचलावी, हातगाडीला मात्र हात लावू नये. त्या दिवशी किती बस लागल्या आणि किती माणसे चढली याचा आकडा महापालिकेने जाहीर करावा आणि तेवढ्या बस दुसऱ्या दिवशीही सोडाव्यात. कंत्राटी कामगाराच्या १५०० रुपयांच्या पासाचा भार ज्याच्या कारखान्यात तो राबतो त्याने उचलावा. आणि साहेब लोकांनी त्या दिवशी सरकारी गाडी सोडून काळेवाडीच्या बसथांब्यावर यावे.

या मागण्यांचे निवेदन तयार आहे. रविवारच्या वंदनेनंतर विहारांतून ते फिरेल, आणि इतर दिवशी सकाळी साडेसहाला पाचपीर चौकात आम्ही कागद-पेन घेऊन उभे असू. सह्या देणारी माणसे त्या वेळी तेथे असतातच. फक्त त्यांना फार वेळ थांबवू नका, शिफ्ट सातची असते.